एरंडी, पीजे आणि नव्वद नंबर

जामनेर, पहूर किंवा शेंदुर्णीच्या कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात जा आणि "नव्वद नंबर द्या" म्हणा. दुकानदार कंपनी विचारेल, लिटर विचारेल, पण कशाचा नव्वद नंबर ते विचारणार नाही. गिअर बॉक्सचं तेल म्हणजे नव्वद नंबर, हे त्यालाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. हा नंबर अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेनं, म्हणजे एसएई या संस्थेनं, तेलाच्या दाटपणासाठी ठरवलेल्या मापपट्टीवरचा आहे. तो इतका आपला झालाय की ट्रॅक्टरवाला तो मापाच्या नावासारखा नव्हे, तेलाच्या नावासारखा उच्चारतो.

यूट्यूबवर हल्ली "घरच्या घरी गिअर ऑइल बदला" असे व्हिडिओ भरपूर आहेत. बघताना वाटतं की हे डीआयवाय प्रकरण बाहेरून आलेलं, नव्या पिढीचं खूळ आहे. खरं उलटं आहे. आपल्या चाकाचं वंगण आपण बघणं ही खान्देशातल्या घरांची शेकडो वर्षांची सवय होती. ती मध्ये पन्नास-साठ वर्षं गॅरेजात गेली आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून परत येतेय. पण परत येताना तिच्यातली एक महत्त्वाची गोष्ट बदलली आहे, आणि त्या बदलाकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. ती गोष्ट समजायची तर सुरुवात बैलगाडीपासून करावी लागेल.

गाडीखाली लटकणारा नळा

जुन्या लाकडी बैलगाडीचं चाक आठवा, किंवा आजोबांना विचारा. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यात बाहेर लोखंडी धाव. तुंब्यातून आस जातो आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला कुणी, म्हणजे खीळ, ठोकलेली असते. सगळा भार तुंबा आणि आस जिथे एकमेकांना घासतात तिथे येतो. तिथे काही घातलं नाही तर गाडी आधी कुरकुरते, मग तापते, मग झिजते. आणि सगळ्यात आधी बैल थकतात.

म्हणून वंगण. ते दुकानातून येत नव्हतं. शेताच्या बांधावर एरंडी असायचीच. बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. नाहीतर तेल्याकडून आणायचं. त्या तेलात गवताची किंवा चिंध्यांची काळी राख मिसळून दाटसर लगदा करायचा. राख कशाला? नुसतं तेल पातळ, ते उन्हात ओघळून जातं. राखेनं ते आसाला धरून राहतं. आज ग्रीस बनवणारे कारखाने हेच करतात, फक्त राखेच्या जागी साबण वापरतात. लिथियमच्या साबणावर आधारलेलं ग्रीस १९४० च्या दशकात आलं आणि आज बेअरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी तेच असतं. तत्त्व तेच आहे: तेलाला बांधून ठेवणारं काहीतरी हवं.

हे वंगण बांबूच्या किंवा शिंगाच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगलेलं असे. लांबच्या वाटेवर चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा, टेकू लावायचा, कुणी काढायची, चाक थोडं बाहेर ओढायचं, जुनं काळं पुसायचं, नवं लावायचं. याला कुणी मेकॅनिक लागत नव्हता. सुतार चाक बनवायचा, लोहार धाव चढवायचा, पण वंगण हे ज्याची गाडी त्याचं काम.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. एरंडी कुटून उरलेली पेंड विषारी असते, त्यामुळे ती जनावरांना घालत नसत. ती शेतात जायची, खत म्हणून. पुसून काढलेलं जुनं वंगणही मातीतच पडायचं. ते वनस्पतीचं तेल आणि राख. माती ते पचवायची. तेलाचा उरलेला भाग जमिनीला द्यायचा हा हिशोब त्या काळात बरोबर होता. हे वाक्य लक्षात ठेवा.

कापूस, रूळ आणि हात लावून बघणारा खलाशी

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा इथला बराचसा माल लमाणांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून जात असे. गाड्यांना रस्ते लागतात. ते हळूहळू झाले आणि गाड्या वाढल्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि खान्देशच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ खान्देशातून पुढे गेले. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जामनेर पूर्व खान्देशात आलं. तोच आजचा जळगाव जिल्हा.

मुख्य रूळ जामनेरवरून गेले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, पाचोरा ते जामनेर असा अडीच फूट रुंदीचा छोटा मार्ग झाला. लांबी सुमारे ५६ किलोमीटर. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत गाडी जामनेरला यायची. कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, लोकांसाठी ती "पीजे". आधी वाफेची, नंतर डिझेलची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा त्या रुळांवर धावली नाही. आता त्या जागी मोठ्या मार्गाचं काम आहे.

रेल्वेनं वंगणाची एक नवी शिस्त आणली. त्या काळच्या डब्यांच्या चाकांना आजच्यासारखी सीलबंद बेअरिंग नव्हती. आसाच्या टोकावर पितळेचा अर्धा गाळा बसलेला, आणि खाली पेटीत तेलात भिजवलेला सुताचा गुंता. आस फिरताना त्या गुंत्यातून तेल वर ओढून घेई. गुंता सुकला की आस तापे, धूर निघे, प्रसंगी आग लागे. रेल्वेच्या भाषेत याला हॉट अ‍ॅक्सल म्हणतात. म्हणून गाडी थांबली की खलाशी डब्यांच्या बाजूनं चालत जाऊन पेट्यांना हाताची पालथी बाजू लावून बघायचा. थर्मामीटर म्हणजे त्याचा हात. बैलगाडीचा गाडीवान कानानं ओळखायचा, रेल्वेचा खलाशी हातानं.

फरक एवढाच की आता गाडी त्याची नव्हती. वंगण हे नोकरीचं काम झालं, त्याला वेळापत्रक आलं.

बुच उडालं आणि शास्त्र निघालं

त्या पितळी गाळ्यांनी जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा अभियंता यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी घर्षणाचे प्रयोग करत होता. मांडणी रेल्वेच्या आसासारखीच: फिरणारा आस, वरून दाबलेला अर्धा पितळी गाळा, खाली तेलाची आंघोळ. वरून तेल सोडता यावं म्हणून त्यानं गाळ्याला भोक पाडलं. पण त्या भोकातून तेल खाली जाण्याऐवजी वर येऊ लागलं. त्यानं बुच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकली. शेवटी दाब मोजायचं यंत्र लावलं, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. गाळ्यावरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता.

अर्थ असा की धातू धातूला टेकलेलाच नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं आत ओढत होता आणि त्या पाचरीवर सगळा भार तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आज तुमच्या कारच्या इंजिनातला क्रँक याच पाचरीवर तरंगतो. तेल पातळ झालं, कमी झालं किंवा घाण झालं, की पाचर मोडते आणि लोखंड लोखंडाला भिडतं. "तेल वेळेवर बदला" या सल्ल्याचा सगळा अर्थ एवढाच आहे.

एरंडी विमानात बसली

याच सुमारास आपल्या बांधावरच्या एरंडीनं जगप्रवास केला. एरंडेलाच्या रेणूला एक खास गुण आहे: तो धातूला चिकटून राहतो. शिवाय तो पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं अशी होती की त्यांत इंधन आणि वंगण एकाच जागी भेटायचं. साधं खनिज तेल पेट्रोलनं धुऊन गेलं असतं. म्हणून एरंडेल. जळलेल्या एरंडेलाचा वास त्या वैमानिकांच्या कपड्यांना चिकटलेला असे आणि त्याचा पोटावर काय परिणाम होतो हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सांगायची गरज नाही. मागणी एवढी वाढली की १९१८ च्या सुमारास अमेरिकेनं फ्लोरिडात एरंडीची लागवड करवून घेतली, आणि त्यासाठी बी हिंदुस्थानातून मागवलं.

चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्यानं १८९९ मध्ये तेलाची कंपनी काढली होती. १९०९ मध्ये त्यानं खनिज तेलात एरंडेल मिसळून नवं तेल बाजारात आणलं आणि एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच त्याचं नाव ठेवलं: कॅस्ट्रॉल. म्हणजे तुमच्या स्पेअरच्या दुकानातल्या हिरव्या-लाल डब्यावर आजही एरंडी लिहिलेली आहे. फक्त वाचताना लक्षात येत नाही.

पण एरंडेलाला दोषही होता. तापलं, जुनं झालं की त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. खनिज तेल स्वस्त होतं, रासायनिक मिश्रणं सुधारली आणि एरंडी मागे पडली. बांधावर वाढणारं वंगण आता विहिरीतून, तेही परदेशातल्या तेलविहिरीतून, येऊ लागलं.

गिअरचं तेल वेगळं का?

१९२० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत हायपॉइड गिअर आले. मागच्या आसाला फिरवणारा दट्टा थोडा खाली बसवल्यानं मोटारीचा तळ खाली आणता आला. पण या गिअरचे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घासत सरकतातही. तिथे टॉवरची पाचर टिकत नाही. मग तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालायला लागले. दाब वाढला, दाताचं टोक तापलं, की ती संयुगं धातूवर एक पातळ थर तयार करतात आणि दात एकमेकांना वेल्ड होत नाहीत. जुन्या गिअर ऑइलचं झाकण उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास गंधकाचा.

या वासामागे एक व्यवहारी धडा आहे. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. पाचमध्ये ही संयुगं जास्त. मोठा आकडा म्हणजे चांगलं, असं समजून पाच आणाल, तर ज्या गिअर बॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा आहेत तिथे तेच गंधक पितळ खाऊ शकतं. मागच्या आसाला पाच, गिअर बॉक्सला चार, अशी विभागणी अनेक गाड्यांत असते ती यासाठी. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या.

या इतिहासात एक लाजिरवाणं पानही आहे. विसाव्या शतकात बराच काळ ऑटोमॅटिक गाड्यांच्या तेलात आणि काही गिअर तेलांत स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातलं तेल मिसळलं जात होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं त्यावर बंदी घातली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. वंगण कुठून येतं हा प्रश्न कधीच नुसता तांत्रिक नव्हता.

झाकण कुणी उघडायचं?

आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. डेपो आले आणि तेल बदलणं डेपोच्या नोंदवहीत गेलं. १९६३ मध्ये महिंद्रनं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टर बनवायला घेतले. ट्रॅक्टरच्या पोटात गिअर, डिफरन्शियल आणि मागचं हायड्रॉलिक बहुतेकदा एकाच तेलावर चालतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत ते पंचवीस-तीस लिटर आणि त्याहून जास्त असतं. इंडियन ऑइलनं १९७२ मध्ये सर्व्हो हे नाव बाजारात आणलं. १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारनं ताब्यात घेतली आणि पुढे भारत पेट्रोलियम झाली. तेलाचे डबे तालुक्याच्या गावी पोहोचले.

तरी ट्रॅक्टरवाल्यानं जुनी सवय सोडली नव्हती. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर दांडी बाहेर काढायची, तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलंय हे ओळखायचं. गाडीवानाचा कान, खलाशाचा हात, ट्रॅक्टरवाल्याचे डोळे. हे सगळं एकच ज्ञान आहे.

बाइकवाल्यांचं मात्र हे ज्ञान हळूहळू सुटलं. भारतातल्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात. म्हणून कारचं "जास्त गुळगुळीत" तेल बाइकमध्ये घातलं तर क्लच घसरतो. हा घोटाळा टाळायला जपानी उत्पादकांनी १९९८ मध्ये जासो एमए हा वेगळा दर्जा ठरवला. स्कूटरमध्ये मात्र मागच्या चाकाजवळ गिअरचं वेगळं तेल असतं, साधारण १०० ते १२० मिली. एका चहाच्या ग्लासाएवढं. अनेक स्कूटरवाल्यांना ते आहे हेच माहीत नसतं. आता तर काही कारच्या गिअर बॉक्सवर "आजीवन तेल" असं सांगतात. कुणाचं आयुष्य, गाडीचं की वॉरंटीचं, हे विचारायला हवं.

ज्याची गाडी त्याचं काम

मग घरी करायचं तर कसं? पद्धत सोपी आहे, पण प्रत्येक पायरीमागे वरचा इतिहास आहे.

गाडी थोडी फिरवून आणा. तेल कोमट झालं की तळाशी बसलेला चुरा त्यात मिसळतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. फार तापवू नका, हात भाजतो. गाडी समतल जागी उभी करा. कलती असेल तर पातळी चुकते. कारच्या किंवा जीपच्या खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, स्टँड लावा. बैलगाडीलाही टेकू लागायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी भरायचा बोल्ट उघडा, मग सोडायचा. वरचा गंजून अडकलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं तेल आधीच सोडलं असेल, तर गाडी दारात मुकी उभी राहते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर तो बघा. करडा, लोण्यासारखा लेप म्हणजे नेहमीची झीज. चमकणारे तुकडे असतील तर तेल बदलून भागणार नाही, मेकॅनिककडे जा. बोल्टचा वॉशर नवा घाला. आडवं भोक असलेल्या गिअर बॉक्समध्ये भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरा; बाकीच्यात मॅन्युअलमधलं माप. "थोडं जास्त असू दे" हा विचार इथे चालत नाही. जास्त तेलाला फेस येतो, ते तापतं आणि सील फोडून बाहेर येतं. ऑटोमॅटिक गिअर बॉक्स असेल तर घरी हात घालू नका. तिथे ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते.

इथपर्यंत सगळे व्हिडिओ सांगतात. मग व्हिडिओ संपतो आणि घमेल्यात काळं तेल उरतं.

बदललेली गोष्ट

ते काळं तेल आपण कुठे टाकतो? गोठ्याच्या खांबाला वाळवीसाठी. बांधावरच्या गवतावर. धुळीवर शिंपडायला. नाहीतर सरळ गटारात. हे करणारा माणूस बेपर्वा नसतो. तो आजोबांची सवय पाळत असतो: वंगणाचा उरलेला भाग मातीचा. पण आजोबांचं वंगण एरंडीचं होतं. हे नाही. वापरलेल्या इंजिन तेलात जळलेल्या इंधनाचे कर्करोगकारक अवशेष आणि धातूचा चुरा असतो. माती ते पचवत नाही, फक्त साठवते आणि पाण्याला देते.

किती तेलानं किती पाणी खराब होतं याचा अंदाज बेंजामिन फ्रँकलिननं अडीचशे वर्षांपूर्वी दिला होता. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात त्यानं चमचाभर तेल ओतलं आणि ते सुमारे अर्धा एकरभर पसरलं. १७७४ मध्ये त्याचं हे टिपण छापून आलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. चमचाभर! एका ट्रॅक्टरच्या पोटात किती चमचे असतात याचा हिशोब आपण शेतकऱ्याची पोरं सहज करू शकतो.

आणि हे पाणी लांबचं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांपासून निघणारी वाघूर जामनेर तालुक्यातून तापीकडे जाते, वाटेत धरणात अडते. त्याच धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. जामनेरची कांगही त्याच खोऱ्यातली.

कायद्यानं वापरलेलं तेल घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. तालुक्याच्या गावात ही साखळी अजून डोळ्यांना दिसेलच असं नाही. तोवर एक साधी गोष्ट जमते: नव्या तेलाचा रिकामा डबा फेकू नका, जुनं तेल त्यातच भरा, झाकण लावा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नका. मोठं गॅरेज, सर्व्हिस सेंटर आपलं जुनं तेल ड्रममध्ये साठवतं, कारण ते विकलं जातं. तिथे तुमचा डबा द्यायचा आणि पुढे ते कुणाला देतात हे विचारायचं. चार जणांनी विचारलं की दुकानदारालाही उत्तर ठेवावं लागतं. हातमोजे घालायचे आणि वाळवीसाठी दुसरं औषध आणायचं.

गाडीचं झाकण स्वतः उघडणं ही चांगली गोष्ट आहे. पाचशे रुपये वाचतात म्हणून नाही, तर आपण ज्याच्यावर बसून रोज जातो त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं म्हणून. ते ज्ञान आपल्याकडे होतं आणि ते परत घ्यायला हवं. पण गाडीवान एरंडी पेरण्यापासून वंगण मातीत पुसण्यापर्यंत सगळ्याला जबाबदार होता. आपण त्यातलं फक्त मधलं काम उचललंय, ओतायचं. दुसरं टोक, घमेल्यातल्या काळ्या तेलाचं, अजून उचलायचं बाकी आहे.